मी, कवळीवाल्या रेड्याचं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं विनोदी पुस्तक आहे. जुनं म्हणजे काचेच्या कपाटात ठेवावं असं नव्हे. माझं मुखपृष्ठ अर्धं फाटलंय, पानं पुराच्या पाण्याने फुगून वेडीवाकडी झालीत, आणि मधल्या पानावर नारळाच्या दुधाचा मोठा डाग आहे. त्या मधल्या पानाबद्दलच मला बोलायचंय. बोलताना लाज वाटते, पण बोलतो. पोरांना हसवायचं, एवढंच माझं काम. ते मी मन लावून केलं, आणि त्यापायी एका गुणी पोरीचं हसणंच बंद पडलं.

माझा जन्म मनिलातला. तिथे पिलोकाका नावाचे एक गृहस्थ जीपगाड्यांवर चित्रं रंगवत. घोडे, गरुड, देवमाता, जे गाडीवाला सांगेल ते. एकदा त्यांच्या मनात आलं की पोरांसाठी एक पुस्तक करावं. त्यांनी एका रेड्याची गोष्ट रचली. रेड्याला वरचे पुढचे दात नसतात, ठाऊक आहे ना? नसेल तर जाऊन बघा, पण लांबूनच. तर गावच्या जत्रेत फोटो काढणारा येतो, आणि ह्या रेड्याला फोटोत हसायचं असतं. दात नाहीत, हसणार कसा? मग तो एका म्हातारीच्या खिडकीतून, पेल्यात भिजत घातलेली कवळी पळवतो आणि आपल्या तोंडात बसवतो. तेच माझं मधलं पान. एवढं मोठं थोबाड, त्यात एवढीशी माणसाची बत्तिशी, आणि मागे ती म्हातारी बोळक्या तोंडाने शिव्या देत केरसुणी घेऊन धावतेय.

पिलोकाका प्रत्येक चित्र गल्लीतल्या पोरांना दाखवत. पोरं हसली नाहीत की चित्र टराटरा फाडत. मधल्या पानाने तर त्यांचा घाम काढला. आधी त्यांनी रेडा खूश दाखवला. पोरं म्हणाली, "हं, बरंय." मग लाजलेला दाखवला. पोरं जांभया द्यायला लागली. शेवटी त्यांनी दात तसेच ठेवले आणि डोळे मात्र एकदम गंभीर काढले, फोटोला उभं राहिलं की आपल्या थोरामोठ्यांचे होतात ना, तसे. पोरं अक्षरशः रस्त्यावर लोळली. पिलोकाका म्हणाले, "आता झालं!" तेव्हापासून मला माझ्या मधल्या पानाचा फार गर्व. आता तो गर्व आठवला की कानकोंडं व्हायला होतं.

छापून झाल्यावर मी एका तलावाकाठच्या गावातल्या शाळेत जाऊन पडलो. तिथल्या मुख्याध्यापिकाबाई कडक. शहाण्या मुलांच्या गोष्टींची पुस्तकं त्यांनी पुढे मांडली आणि मला कुलपात टाकलं. "ह्यातून मुलं काय शिकणार? कवळी चोरायला?" असं म्हणाल्या. मी वर्षानुवर्षं अंधारात दात काढून बसलो. मग एका वर्षी मोठं वादळ झालं, तलावाचं पाणी शाळेत शिरलं, कपाट आडवं झालं. पाणी ओसरल्यावर बाईंनी आम्हा सगळ्या पुस्तकांना कपड्यांच्या दोरीवर वाळत घातलं आणि मुलांना म्हणाल्या, "ज्याला जे हवं ते न्या, नाहीतरी लगदाच व्हायचाय."

जोनालिनने मला उचललं. नऊ-दहा वर्षांची असेल. उचललं आणि तिथेच चिखलात बसून वाचलं. मधलं पान आलं मात्र, ती आधी खों-खों करायला लागली, मग शिट्टी मारल्यासारखी किंचाळली, आणि मग बसल्या जागी आडवी झाली. पडलेल्या दाताची फटही लपवेना. मित्रांनो, कुलपातली सगळी वर्षं मला त्या एका हसण्यात भरून मिळाली.

जोनालिनचे आईबाबा मनिलाच्या कारखान्यात होते, म्हणून ती आपल्या लोलापाशी, म्हणजे आजीपाशी राहायची. लोला सेपा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तिच्या अंगणात येशूच्या यातनांच्या पोथीचं पारायण बसायचं. माडाच्या झावळ्यांचा मांडव, टेबलावर मूर्ती, पुढे माइक, आणि झाडावर बांधलेला कर्णा. बायका पाळीपाळीने गात, पारायण खंडू देत नसत. लोलाचा आवाज लागला की तलावातले कोळीसुद्धा वल्हं थांबवत, असं लोक म्हणायचे. त्या वर्षी तिने जोनालिनला शिकवून तयार केलं होतं. गुड फ्रायडेला शेवटी शेवटी थोडा भाग पोर एकटी गाणार होती. लोलानंतर ही गादी तिचीच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

शेजारी जोनालिनची मावशी राहायची, तिया चोलेंग. लोलाची थोरली लेक. नियम म्हणजे तिचा जीव की प्राण. आठवडा सुरू झाल्यापासून ती पोरीला बजावत होती, "हे बघ, शुक्रवारी देव मेलेला असतो. पळायचं नाही, ओरडायचं नाही, आंघोळसुद्धा नाही. हसायचं तर नाहीच नाही! आणि सांभाळून राहा. त्या दिवशी लागलं की जखम भरत नाही."

आता पोरीचं शहाणपण बघा. तिने आपण होऊन मला स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे दडवलं. जाता जाता माझ्या कानात म्हणाली, "तुला बघितलं ना, की मला राहवत नाही. रविवारी काढते हं." हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं त्यात तिची चूक काडीची नव्हती.

शुक्रवारी सकाळी लोला स्वयंपाकघरात एकटीच होती. गाणाऱ्या बायकांसाठी नारळाच्या दुधातली, केळी आणि सुरण घातलेली गोड खीर व्हायची होती. जोनालिनची पाळी जवळ आलेली, म्हणून लोलाने आपली मोठ्या अक्षरांची पोथी जवळ घेऊन तिच्या भागाला काडीची खूण घातली. मग साबुदाणा काढायला पिंपामागे हात घातला, तर हाताला लागलो मी.

"हे काय गं बाई?" असं म्हणत ती खवणीच्या पाटावर बसली. एकीकडे नारळ खवत होती, एकीकडे मला मांडीवर धरून चाळत होती. चष्मा नाकावर घसरलेला. मला वाटलं, फेकेल आता चुलीत. पण मधलं पान आलं आणि ती थबकली. रेड्याकडे बघितलं. त्या बिचाऱ्या बोळक्या म्हातारीकडे बघितलं. मग जिभेने स्वतःची कवळी चाचपली. आणि हसली हो! तोंडावर धरायला पदर नव्हता म्हणून तळहात दाबून धरला, तरी खांदे गदागदा हलत होते. शेजारच्या वाटीतलं नारळाचं दूध माझ्यावर सांडलं. डोळ्यांतून पाणी. "अरे मेल्या," म्हणाली रेड्याला, "निदान धुऊन तरी घालायचीस!" आणि पुन्हा उसळली. उसळली तसा पाट कलंडला आणि खवणीचं पातं तिच्या पायाच्या अंगठ्यात कच्चकन शिरलं.

तेवढ्यात दारात तिया चोलेंगचा आवाज. "आई, पोथी कुठंय? जोनालिनची पाळी आली."

लोलाने मला झाकायला म्हणून पटकन पोथीतच खुपसलं. नेमकं काडीच्या खुणेपाशी. रक्ताळलेला पाय झग्याखाली ओढून घेतला.

"ही बघ, इथंच आहे की," म्हणत तियाने पोथी उचललीसुद्धा.

"अगं थांब, चोलेंग..."

"थांबायला वेळ कुठंय? बायका खोळंबल्यात. आणि तू लवकर ये, नातीचं ऐकायला नको?"

लोला धड उठायच्या आत मी तियाच्या काखेतून मांडवात निघालो.  कुणीतरी मला खाली पाडा, असं मनात म्हणत होतो. कुणी पाडलं नाही.

जोनालिन पांढरा झगा घालून माइकपुढे उभी राहिली. पोथी उघडली. काडी सरकली आणि समोर मी. तोच रेडा, तेच दात, तेच गंभीर डोळे. पोरगी पांढरीफटक पडली. तिने मला पटकन बाजूला सारलं, खरंच सारलं, आणि गायला लागली. पण एकदा डोळ्यांत भरलेला रेडा जातो थोडाच? आवाज कापायला लागला. पुढच्या ओळीतली एक म्हातारी नाक पुसत म्हणाली, "लेकराला किती भरून आलंय बघा!" ते ऐकलं आणि बांध फुटला. आधी खों-खों, मग ती शिट्टी. झाडावरच्या कर्ण्यातून ती सगळ्या गावावर, तलावावर, पलीकडच्या काठापर्यंत गेली. देव मेलेल्या दिवशी.

कुत्रीसुद्धा गप्प झाली, हो. मी काय सांगू? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं हसू ते, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

तियाने तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढत आणलं. मी तियाच्या दुसऱ्या हातात. "मी नाही ठेवलं ते तिथं! देवाशप्पथ नाही!" जोनालिन रडत होती.

"मग काय रेडा आपल्या पायांनी चालत आला पोथीत? खोटं बोलतेस वर?" असं म्हणता म्हणता तियाचं लक्ष खाली गेलं. जमिनीवर रक्त. लोला अंगठा फडक्यात धरून बसलेली. "अगं आई गं! हे कधी झालं?" आणि मग तिचं तिनेच उत्तर दिलं. "बघितलंस? बघितलंस जोनालिन? तू तिकडे हसलीस आणि इकडे हिला लागलं. आता ही जखम भरणार नाही, कळलं?"

लोलाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. मांडवातल्या बायका एव्हाना दाराशी गोळा झाल्या होत्या. लोलाने त्यांच्याकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि म्हणाली, "थोडंसंच लागलंय. जा तुम्ही, पारायण खंडू देऊ नका."

बस्स, एवढंच म्हणाली. मूग गिळून बसली. आणि मी तर काय, छापलेलं तेवढंच बोलणार. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की देवाने मला रेड्याऐवजी जीभ द्यायला हवी होती.

तिया मला जाळायला निघाली होती. लोलाने मला तिच्या हातून काढून घेतलं आणि आपल्या खाटेखालच्या पेटीत, मूर्तीच्या कपड्यांखाली ठेवलं. तिथून मला सगळं ऐकू यायचं, आणि फटीतून थोडंफार दिसायचंही. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

ईस्टर झाला. जखम भरली नाही. मे महिन्यातली फुलांची मिरवणूक झाली, जखम भरली नाही. रोज संध्याकाळी जोनालिन पेरूच्या पानांचा काढा करायची आणि लोलाचा पाय धुवायची. पूर्वी हे काम असतं तर तिची बडबड थांबली नसती. आता फक्त पाण्याचा आवाज. एकदा तिची मैत्रीण खिडकीतून म्हणाली, "चल की गं, तळ्याकाठी जादूवाला आलाय!" तर जोनालिन म्हणाली, "नको. हसू आलं तर? माझा नवस आहे. लोलाचा पाय बरा होईपर्यंत हसायचं नाही."

"पण पुस्तक तू ठेवलं नव्हतंस ना?"

"ठेवलं कुणी का असेना. हसले तर मीच ना?"

शाळेतली पोरं घरावरून जाता-येता तिला 'शुक्रवार' म्हणायला लागली. "ए शुक्रवार, जेवलीस का?" "सरका रे, शुक्रवार आला!" पेटीत पडल्या पडल्या हे ऐकताना माझं मधलं पान मला नकोसं व्हायचं. कुणी फाडून टाकलं असतं तर मी आभार मानले असते. आणि लोला? ती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायची, सुस्कारे टाकायची, तिया गेली की खिरीची वाटी काढून चोरून खायची, आणि गप्प राहायची. एकदा-दोनदा तिने पेटी उघडून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. दोघेही अपराधी, कोण कुणाला काय बोलणार?

पावसाळा लागला तसा अंगठा काळा पडायला लागला. तेव्हा तियाने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. तरुण बाई होत्या. खाटेशी बसून त्यांनी सगळं तपासलं. "आजी, तुमच्या अंगात साखर वाढलीय. जखम शुक्रवारची असो की मंगळवारची, साखर अशी असेल तर भरायची नाही. गोड बंद करा. आणि अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल." मग त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "लागलं कशाने?"

लोलाने पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"माझ्या हसण्याने," जोनालिन म्हणाली.

अगदी सरळ म्हणाली. रडली नाही, मान खाली घातली नाही. पत्ता विचारल्यावर सांगावा तसं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं.  आणि वरच्या खाटेवर लोलाने असा काही आवाज काढला, की मला वाटलं तिला पुन्हा पातं लागलं.

डॉक्टरीणबाई गेल्या. तिया त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेली. लोलाने जोनालिनला पेटी ओढायला लावली, कपडे बाजूला सारून मला काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"बाळ, हे पुस्तक पोथीत मी ठेवलं होतं."

पेटी मागे ढकलता ढकलता जोनालिन थांबली.

"पिंपामागे सापडलं. खवणीवर बसून बघत होते. हसले मी, अशी हसले की पाट कलंडला. तू माइकपुढे गेलीस त्याच्या आधीच मला लागलं होतं. तुझ्या हसण्याने काही झालं नाही. माझंच मला झालं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली गं. सगळ्या बायका दारात. आयुष्यभर मी त्यांना त्या दिवशी हसू नका म्हणून सांगत आले. म्हटलं, पोर आहे, विसरून जाईल."

"मी नाही विसरले," जोनालिन म्हणाली. "मी रोज पाय धुत होते, लोला. रोज." आणि उठून निघून गेली.

त्या संध्याकाळी पाय तियाने धुतला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर जोनालिनने आजीचा हात कपाळाला लावला नाही. बाहेरून आल्यावर थोरांचा हात कपाळाला लावायचा, हे आमच्याकडे तान्ही पोरंसुद्धा करतात. लोला हात पुढे करून बसलेली, आणि पोर समोरून आत निघून गेली. लोलाने हात हळूच मागे घेतला. ती रागावली नाही. कुठल्या तोंडाने रागावणार?

मोठ्या गावच्या इस्पितळात तिचा अंगठा काढला. घरी आल्या आल्या तिने तिया चोलेंगला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. खवणी, रेडा, पोथी, काही गाळलं नाही. तियाचं तोंड लहान झालं. "आई, तू? गुड फ्रायडेला?" "हो, मी. आणि हे तू सगळ्यांना सांगायचंस. पोरीला सगळ्यांसमोर बोललीस ना, मग सगळ्यांना सांग." तियाला सांगितलं म्हणजे कर्ण्याची गरजच नाही. संध्याकाळपर्यंत तलावाच्या दोन्ही काठांना खबर पोचली. काही बायकांनी लोलाकडे येणं सोडलं. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी पारायण दुसऱ्या अंगणात बसवू. लोलाने मान डोलावली.

आणि मग एका दुपारी जोनालिन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आजीकडे बघत नव्हती, बाहेर बघत होती.

"कुठल्या पानावर हसलीस?"

"अं?"

"कुठल्या पानावर, विचारतेय."

लोलाने मला घाईघाईने उघडलं.  "हे बघ. हे, कवळीचं."

जोनालिन दोन पावलं आत आली, लांबूनच वाकून बघितलं. "म्हातारीला हसलीस की रेड्याला?"

"आधी रेड्याला. मग म्हातारीला. मग... मग माझं मलाच आलं हसू. माझी कवळी कुणी नेली तर मी अशीच दिसेन ना."

"तू हिच्यापेक्षा वाईट दिसशील," जोनालिन म्हणाली. आणि आजीचा हात उचलून तिने कपाळाला लावला. लोला लहान मुलासारखी रडली.

पोर हसली का, असं तुम्ही विचाराल. हसली. माझ्याकडे बघूनच हसली, थोडीशी. पण हसताना तिने तोंडावर हात ठेवला, आणि आधी दाराकडे बघितलं की कुणी येत तर नाही ना. पूर्वी ती असं करत नसे. चिखलात बसून दात दाखवत हसणारी पोर होती ती. त्यानंतर मी तिच्याजवळ पुष्कळ वर्षं राहिलो, पुष्कळदा तिने मला वाचलं, पण तो हात काही पूर्ण सुटला नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

मित्रांनो, मला कव्हर घाला, माझी पानं दुमडू नका, असं काही मी मागत नाही. फाटलो तरी चालेल. विनोदी पुस्तक फाटूनच मरावं. मागतो ते एवढंच. नको त्या वेळी हसू आलं, तर येऊ द्या, त्याला तुमचा इलाज नाही. पण मग कुणी रागाने विचारलं, "कोण हसलं?" आणि हसला असाल तुम्ही, आणि बोट दुसऱ्याच लेकराकडे गेलं असेल, तर लगेच हात वर करा. तेव्हाच्या तेव्हा, सगळ्यांसमोर. आणि मोठे झालात तर तो हात आणखी लवकर वर करा.